संशोधकानें बांधावर कसें यावें?

विद्यापीठांत लागलेला शोध व शेतकऱ्याच्या शेतांत उभें असलेलें पीक यांमधील अंतर मैलांनीं मोजतां येत नाहीं. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही ठिकाणीं कृषि विद्यापीठें स्थापन होऊन आतां अर्धें शतक उलटून गेलें आहे. देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र १९७४ सालीं पुदुच्चेरी येथें निघालें. आज अशा केंद्रांची संख्या सातशेंहून अधिक आहे. असें असतांही, संशोधकाला जें वर्षानुवर्षें ठाऊक असतें तें शेतकऱ्याच्या कानीं नुकसान झाल्यावर पडावें, आणि शेतकऱ्याला जें रोज डोळ्यांसमोर दिसतें तें संशोधकाच्या वहींत कधींच उतरूं नये, असें वारंवार घडतें. हें कां घडतें, व तें टाळावयाचें तर संशोधकानें आमच्याकडे कोणत्या रीतीनें यावें आणि आम्ही त्याचें स्वागत कोणत्या रीतीनें करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या राज्यांतील दोन किडींचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिला म्हणजे या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें सांपडतें. एक कीड कापसाची व दुसरी उंसाची. दोन्ही किडी आमच्या पुष्कळ वाचकांनीं स्वतःच्या शेतांत पाहिलेल्या आहेत.

प्रथम कापसाची गोष्ट घेऊं. बी.टी. कापसाच्या वाणांस भारत सरकारची परवानगी २००२ सालीं मिळाली, व दोन जनुकांचे वाण २००६ पासून आले. या वाणांत बोंडअळ्यांस मारक असें द्रव्य झाड स्वतःच तयार करतें. परवानगीबरोबर एक अट घातलेली होती. बी.टी. कापसाच्या सभोंवार पांच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राचा शेंकडा वीस भाग, यांपैकीं जें अधिक भरेल तेवढ्या जागेंत साधा, बी.टी. नसलेला कापूस लावावा, अशी ती अट होय. त्याकरितां ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची लहान पिशवी देण्यांत येत असे. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती लहान पिशवी पेरलीच नाहीं.

या अटीचें कारण समजण्यास कठीण नाहीं. लाखों अळ्यांत एखादी अशी निपजते कीं जी तें मारक द्रव्य पचवूं शकते. शेतांतील सर्वच झाडें बी.टी. असलीं तर बाकीच्या अळ्या मरतात व तेवढीच जगते. अशा जगलेल्या अळ्यांचे पतंग आपसांत जुगतात, व त्यांची प्रजाही तशीच चिवट होते. उलट, कडेला साध्या कापसाचा आश्रय असला म्हणजे तेथें साध्या अळ्या भरपूर जगतात, त्यांचे पतंग या थोड्याशा चिवट पतंगांशीं जुगतात, व पुढील पिढी बहुतांशीं पुन्हां त्या द्रव्यास बळी पडणारी निघते. म्हणजे त्या पांच ओळी ही अळीला घातलेली भीक नव्हती. आपल्या वाणाचा गुण टिकावा म्हणून भरावयाचा तो विम्याचा हप्ता होता. शिवाय हा विमा एकट्यादुकट्याच्या शेतापुरता नव्हता. पतंगाला बांध कळत नाहीं. गांवानें मिळून हप्ता भरला तरच गांवाला त्याचा लाभ होता.

हें कारण पिशवीवरील बारीक अक्षरांतून शेतकऱ्याच्या मनापर्यंत पोहोंचणें शक्य नव्हतें. ज्याच्यापाशीं अवघी तीन एकर जमीन आहे त्याला "पांचवा हिस्सा साधा कापूस लाव" एवढेंच सांगितलें, आणि तो कशासाठीं हें सांगितलें नाहीं, तर त्यानें तें बियाणें टाकून द्यावें यांत नवल तें काय? यांत त्याचा अडाणीपणा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारण न सांगतां दिलेली आज्ञा व्यवहारी माणूस खर्चाच्या बाजूस लिहितो, आणि खर्च कमी करणें हा तर शेतीचा पहिला धडा आहे.

पुढें जें व्हावयाचें तें झालें. एका जनुकाच्या बी.टी. कापसावर गुलाबी बोंडअळी जगूं लागल्याचें गुजराथेंतील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांतून आढळलें, व तें २०१० सालीं जाहीर झालें. त्यानंतर कांहीं वर्षांत दोन जनुकांच्या वाणांवरही ती जगूं लागली. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत तिनें केवढा अनर्थ केला तो सांगावयास नको. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेण्याच्या रिवाजानें या अळीला वर्षभर घर मिळवून दिलें होतें, हेंही शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. तात्पर्य, ज्ञान नव्हतें असें नाहीं. हुकूम पोहोंचला, कारण पोहोंचलें नाहीं.

आतां उंसाची गोष्ट पहा. २००२ च्या जुलै महिन्यांत सांगली जिल्ह्यांत उंसावर लोकरी मावा प्रथम आढळला. पानाच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखा थर, त्यांतून खालच्या पानांवर पडणारा चिकट गोड रस, आणि त्या रसावर चढणारी काळी बुरशी, असें त्याचें स्वरूप होतें. हां हां म्हणतां तो इतर जिल्ह्यांत व शेजारच्या कर्नाटकांत पसरला. डोक्यावर गेलेल्या उंसांत शिरून पानांच्या खालच्या अंगास औषध लावणें किती जिकिरीचें असतें तें ऊंसवाल्यांस सांगणें नको. तरीही भीतीपोटीं अनेकांनीं फवारण्या केल्या.

कीटकशास्त्रज्ञांनीं पानें उलटून बारकाईनें पाहिलीं तेव्हां त्या लोकरींतच माव्याला खाणारे कीटक फिरतांना आढळले. डिफा नांवाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस नांवाचा कीटक हे त्यांतील प्रमुख होत. औषधानें मावा मरतो, पण त्याबरोबर त्याचा वैरीही मरतो, व वैरी नाहींसा झाला कीं मावा पुन्हां जोमानें उठतो; सबब जेथें हे मित्रकीटक दिसतील तेथें विष फवारूं नये, व जेथें ते नसतील तेथें दुसऱ्या शेतांतून आणून सोडावे, असा सल्ला देण्यांत आला. संशोधन संस्था व सहकारी साखर कारखाने यांनीं शेडनेटच्या मांडवांत त्यांची पैदास केली. आसामकडून एन्कार्सिया नांवाचा सूक्ष्म परोपजीवी कीटकही आणून सोडण्यांत आला. मित्रकीटकांच्या अळ्या असलेलीं पानें एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जाऊं लागलीं, आणि दोनतीन वर्षांत माव्याचा जोर ओसरला.

या दोन गोष्टींत फरक कोणता? उंसाच्या बाबतींत शास्त्रज्ञाचें म्हणणें शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळून पाहतां आलें. पान उलटलें कीं खाणारा व खाल्ला जाणारा दोघेही समोर होते. सल्ल्याचें कारण सल्ल्याबरोबरच दिसत होतें. कोणी म्हणेल कीं ही तुलना सर्वस्वीं बरोबर नाहीं, कारण मावा पानावर उघडा असतो व गुलाबी अळी बोंडाच्या आंत दडलेली असते. हें खरें आहे. परंतु म्हणूनच तर न दिसणारें दिसतें करणें हें संशोधकाचें काम ठरतें. शेतांत कामगंध सापळा टांगून रोज सकाळीं त्यांतील पतंग मोजावयास लावले, व सापळ्यामागें आठ पतंग सलग तीन रात्री आले तर उपाय करण्याची वेळ आली असें दाखविलें; किंवा एकरीं वीस हिरवीं बोंडें तोडून तीं शेतकऱ्याच्या हातानेंच फोडविलीं, व त्यांत दोन किडकीं निघालीं तर धोका समजावा हें शिकविलें, म्हणजे आंतील अळी बाहेर आल्यासारखीच होते. पत्रकानें जें एका वर्षांत होत नाहीं तें वीस बोंडें अर्ध्या तासांत करतात.

कापसाच्याच एका किडीनें दुसऱ्या एका देशांत विद्यापीठ व शेतकरी यांचा संबंध कसा जोडून दिला, तो इतिहासही मननीय आहे. अमेरिकेंत शेतकी शिक्षणाच्या महाशाळांना जमिनी देण्याचा कायदा १८६२ सालीं झाला, व त्यांच्या प्रयोगक्षेत्रांना सरकारी मदत देणारा कायदा १८८७ सालीं झाला. म्हणजे शाळा होत्या, प्रयोगक्षेत्रें होतीं, पुस्तिकाही निघत होत्या. तथापि मेक्सिकोकडून बोंडें पोखरणारा सोंडकिडा १८९२ च्या सुमारास टेक्सास प्रांतांत शिरला, व पुढील दहा वर्षांत तेथील कापूस पिकविणारे घायकुतीस आले, तेव्हां त्या पुस्तिका फारशा उपयोगीं पडल्या नाहींत. सरकारी खर्चानें चालविलेलें नमुन्याचें शेत पाहून शेतकरी घरीं जाई व म्हणे कीं, सरकारच्या पैशानें कोणीही पिकवील.

त्या वेळीं सत्तरीला आलेले सीमन नॅप नांवाचे गृहस्थ तेथें काम करीत होते. त्यांनीं १९०३ सालीं टेरेल या गांवीं निराळी युक्ति योजिली. वॉल्टर पोर्टर नांवाच्या शेतकऱ्याची ७० एकर जमीन निवडली. नांगरट, बियाणें, खत, लवकर पेरणी, खुरपणी यांविषयीं सल्ला नॅप यांचा. परंतु जमीन, औत, मेहनत व उत्पन्न सर्व पोर्टर यांचें. त्यांना नव्या पद्धतीनें तोटा आला तर तो भरून देण्याकरितां गांवांतील लोकांनीं आधींच एक निधि जमवून ठेवला. त्या निधीला हात लावण्याची वेळ आली नाहीं. नेहमींच्या पद्धतीनें जें मिळालें असतें त्यापेक्षां सुमारें ७०० डॉलर अधिक मिळाले, असें हंगामाच्या शेवटीं पोर्टर यांनींच सांगितलें. पुढील वर्षापासून सरकारनें या कामास पैसा दिला, आणि १९१४ सालीं स्मिथ-लीव्हर कायदा होऊन शेतकी महाशाळांचें ज्ञान गांवोगांव नेण्याची कायमची व्यवस्था झाली.

या हकीकतींतील मर्म तीन गोष्टींत आहे. प्रयोग शेतकऱ्याच्या जमिनींत झाला. काम शेतकऱ्याच्या हातून झालें. आणि धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथीं मारण्यांत आला नाहीं. तिसऱ्या गोष्टीचा विचार आपल्याकडे फार थोडा होतो. संशोधकाचा प्रयोग फसला तर त्याच्या वहींत एक आंकडा कमी पडतो, शेतकऱ्याचा फसला तर घरांत धान्य कमी पडतें. ज्याला गमावावयाचें आहे त्यानें सावधपणें वागावें हें योग्यच आहे. त्याला "पुराणमतवादी" म्हणून नांवें ठेवण्यापूर्वीं त्याचा धोका कोणी वांटून घेतला काय, हें विचारलें पाहिजे.

येथवर ज्ञान विद्यापीठाकडून शेताकडे कसें यावें हें पाहिलें. परंतु ही वाट एकेरी नाहीं. रब्बी जोंधळ्याची मालदांडी ३५-१ ही जात आपण आजही पेरतों. ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्याच मालदांडी जोंधळ्यांतून निवडून काढलेली आहे. मूळ धन शेतकऱ्याचें, निवडीची शिस्त शास्त्रज्ञाची. दोन्ही मिळालीं म्हणून ती टिकली. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ सालीं पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेंत आले. शेतकरी व पिकांवरील कीड हे आपले अध्यापक होत असें त्यांनीं उघडपणें लिहून ठेविलें आहे. पुढें इंदूर येथें राहून त्यांनीं शेणकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धति बसविली, तिच्यावरील ग्रंथ १९३१ सालीं त्यांच्या व यशवंत वाड यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला. इंदूर पद्धतीचें कंपोस्ट म्हणून ती पृथ्वीच्या पाठीवर अनेक देशांत गेली.

द्राक्षांचा दाखला तर आपल्या अगदीं जवळचा आहे. थॉम्पसन सीडलेस या परदेशी जातीच्या बागेंत निराळ्या दिसणाऱ्या वेलीवर नजर ठेवून तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं तास-ए-गणेश ही जात काढली, व सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचे नानासाहेब काळे यांनीं सोनाका काढली. ही दृष्टि कोणत्याही प्रयोगशाळेंत विकत मिळत नाहीं. त्याचबरोबर हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे कीं द्राक्ष बागाईतदारांचा संघ १९६० सालींच उभा राहिला होता, व शास्त्रज्ञांस बोलावून चर्चा घडविण्याची संवय त्या धंद्यास जडली होती. मांजरी येथें द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ सालीं निघालें. म्हणजे बागाईतदारांची संघटना आधीं, केंद्र मागाहून, असा तेथील क्रम आहे.

उलट बाजूचा दाखलाही सांगितला पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाच्या गांवीं दादाजी खोब्रागडे हे दीडेक एकराचे शेतकरी होते. १९८३ सालीं त्यांस पटेल ३ या भातांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचें बीं त्यांनीं वेगळें राखलें, वर्षानुवर्षें पेरून पाहिलें, व त्यांतून बारीक दाण्याचा एच.एम.टी. तांदूळ लोकांस मिळाला. पुढें त्याच भातापासून सुधारलेला वाण विद्यापीठानें प्रसारित केला, तेव्हां श्रेय कोणाचें याविषयीं जाहीर वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें खोब्रागडे यांचा २००५ सालीं गौरव केला. २०१८ सालीं ते निवर्तले. त्या वादांत कोणाचें किती खरें याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु एवढें खास कीं, ज्याच्या शेतांतून बीं घेतलें त्याचें नांव पहिल्याच कागदावर स्पष्ट लिहून ठेविलें असतें तर वादास जागाच उरली नसती. २००१ च्या वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वयें शेतकऱ्यासही आपल्या वाणाची नोंद करण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट प्रत्येक बांधावर माहीत असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट भाषेची. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं आपले सहकारी बरोबर घेऊन पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवची घरोघर पाहणी केली, व तिचा ग्रंथ १९१७ सालीं प्रसिद्ध केला. १७७१ सालीं तेथें खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन असे, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हें त्यांनीं जुन्या कागदपत्रांवरून दाखवून दिलें. गांवाचें कर्ज, पाणी, जमिनीचे तुकडे हें सर्व त्यांनीं तळमळीनें लिहिलें. परंतु तो ग्रंथ इंग्रजींत निघाला. ज्या गांवानें आपलीं घरें उघडून दाखविलीं त्या गांवाला आपलीच हकीकत वाचण्यास मराठींत हवी होती. आजही विद्यापीठांतील संशोधकांचे निबंध बहुतेक इंग्रजींतच निघतात, व त्यास शास्त्राच्या व्यवहारांत कारणेंही आहेत. तथापि ज्याच्या शेतांत मोजमाप झालें त्याला त्याच्या भाषेंत दोन पानांचा निकाल देणें ही सवलत नव्हे, ऋण फेडणें आहे.

या सर्व विचारांवरून संशोधकाकडे आमचीं कांहीं मागणीं आहेत तीं स्पष्ट मांडतों. पहिलें, प्रत्येक शिफारशीबरोबर तिचें कारण सांगावें. शेतकऱ्यास कारण समजणार नाहीं अशी समजूत मनांतून काढून टाकावी. ज्याला बैलाचा स्वभाव व पावसाचा रंग कळतो त्याला अळीची वंशावळ कळण्यास अडचण नाहीं. दुसरें, पहिली भेट शिकविण्याची नसून विचारण्याची असावी. गेल्या तीन हंगामांत काय लावलें, काय बिघडलें, मजुरी किती पडली, पाणी किती पाळ्या मिळालें, हें विचारल्यावांचून दिलेला सल्ला दुसऱ्याच शेतासाठीं असतो. तिसरें, फसलेले प्रयोगही सांगावे. नवें वाण कोणत्या जमिनींत चालत नाहीं हें ज्यानें सांगितलें, त्याच्या "चालतें" या शब्दास किंमत येते. चौथें, प्रयोगाचा खर्च विद्यापीठ देतें, सरकार देतें कीं एखादी बियाण्याची वा औषधाची कंपनी देते, हें आरंभींच सांगावें. कंपनीच्या पैशानें केलेला प्रयोग खोटाच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण तराजू कोणाचा आहे हें माल देणाऱ्यास ठाऊक असावें. पांचवें, निदान सलग तीन हंगाम त्याच गांवीं यावें. एका पावसावरून काढलेला निष्कर्ष दुसरा पाऊस खोटा पाडतो.

सहावी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. सभा पुरुषांची भरते आणि कापूस वेंचतात बाया. डोमकळी प्रथम कोणाला दिसते, किडकें बोंड कोणाच्या हातीं लागतें, भाताच्या रोपांत भेसळ कोण ओळखतें? ज्यांचे हात पिकांत दिवसभर असतात त्यांना चावडीवरच्या सभेचें बोलावणें नसतें. संशोधकानें दुपारच्या भाकरीच्या वेळीं शेतांतच येऊन त्या बायांना विचारलें तर त्याला निम्मी पाहणी तेथेंच सांपडेल.

कोणी संशोधक यावर म्हणेल कीं, आम्हांस शिकविण्याचें काम आहे, निबंध लिहावयाचे आहेत, आमची बढती त्या निबंधांवर ठरते, बांधावर घालविलेल्या दिवसांची नोंद कोठें होते? ही तक्रार पोकळ नाहीं. विद्यापीठांनीं बांधावरील कामास निबंधाइतकीच मान्यता दिली पाहिजे, व तशी मागणी शेतकऱ्यांच्या संघांनीं ठराव करून केली पाहिजे. परंतु संशोधकाचा वेळ वांचविणें हें बरेंचसें आमच्याही हातीं आहे, आणि येथें आमच्या कर्तव्याचा भाग येतो.

संशोधक आला कीं हार, नारळ, भाषण व चहा, असा कार्यक्रम करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. त्यांत दिवस जातो व पीक पाहावयाचें राहून जातें. त्याऐवजीं आपण त्याच्या हातीं लिहिलेली नोंद द्यावी. पेरणीची तारीख, बियाण्याचें नांव व पिशवीवरील क्रमांक, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या, फवारणीचें औषध व दिवस, मजुरी, उत्पन्न व विक्रीचा भाव, एवढें एका वहींत असलें म्हणजे तासाभराचें काम पांच मिनिटांत होतें. नोंद खरी असावी. अनुदानाच्या आशेनें उत्पन्न कमी लिहिणें किंवा मोठेपणासाठीं अधिक लिहिणें, या दोन्ही गोष्टी आपल्याच शेजाऱ्यास चुकीचा सल्ला मिळवून देतात.

दुसरें, नवी गोष्ट सर्व शेतावर एकदम न करतां तुलना करून पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, पांच गुंठे जुन्या पद्धतीनें व त्यालगत पांच गुंठे नव्या पद्धतीनें पेरावें. बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी. काढणीस दोन्ही पट्ट्यांचें माप वेगवेगळें घ्यावें. त्यास आठानें गुणिलें कीं एकरी उत्पन्न निघतें. मात्र एका जोडीवरून निकाल देऊं नये. शेताच्या चढावर मुरूम व उतारावर काळी असते, व चांगली जमीन नव्या पट्ट्याच्या वांट्यास आली तर श्रेय जमिनीचें असून तें वाणास मिळेल. यास्तव अशा तीन जोड्या शेताच्या तीन भागांत घ्याव्या, व डावा पट्टा कोणत्या पद्धतीस द्यावयाचा तें चिठ्ठी टाकून ठरवावें. चिठ्ठी टाकण्याचा हा नियम पोरखेळ नव्हे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड या प्रसिद्ध प्रयोगक्षेत्रावर काम करीत असतां रोनाल्ड फिशर यांनीं १९१९ नंतरच्या वर्षांत तो शेतीच्या प्रयोगांस लावून दिला, व आज तो सर्व शास्त्रांत मान्य आहे. अशा तीन जोड्यांस एकूण तीस गुंठे लागतात. पांच गांवांतील पांच सभासदांनीं तेवढें केलें तर विद्यापीठासही दुर्लक्ष करतां येणार नाहीं असा पुरावा एका हंगामांत तयार होतो.

तिसरें काम एकट्यादुकट्याचें नसून संघाचें आहे. टेरेल गांवानें केलें तें आपल्याला करतां येण्यासारखें आहे. प्रत्येक सभासदानें एकरामागें अल्पशी रक्कम देऊन तोटा भरून काढण्याचा निधि उभारावा, व संघाच्या सांगण्यावरून जो सभासद नवी पद्धति करून पाहील त्याला जुन्या पट्ट्याच्या मानानें जेवढें कमी आलें तेवढें त्यांतून भरून द्यावें. तुलनेचा पट्टा शेजारींच असल्यामुळें नुकसान किती याविषयीं वाद होणार नाहीं. लहान शेतकरी नव्या गोष्टीपासून दूर राहतो तो बुद्धि नसते म्हणून नव्हे, ठेंच सोसण्याइतकी ऐपत नसते म्हणून. निधि असला म्हणजे प्रयोग हा केवळ मोठ्या बागाईतदाराचा शौक राहणार नाहीं.

शेवटीं, गांवानें मिळून करावयाच्या गोष्टी गांवानेंच ठरवाव्या. फरदड न घेणें, पऱ्हाट्या वेळीं उपटून नष्ट करणें, सापळे एकाच आठवड्यांत लावणें, या गोष्टी दहांनीं केल्या व अकराव्यानें केल्या नाहींत तर दहांची मेहनत पतंगाबरोबर उडून जाते. विद्यापीठांतील माणूस येऊन गांवाचें एकमत करून देणार नाहीं. तो कारण सांगेल, अळी दाखवील, आंकडे देईल. ठराव आपला, पाळणूक आपली.

खरिपाच्या तयारीस लागण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या शाखेनें आपले तीन प्रश्न लिहून जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावे, व उत्तर कारणासह व मराठींत मागावें, अशी आमची सूचना आहे. प्रश्न नेमके असावे. "उत्पन्न कसें वाढेल?" असें विचारल्यास पुस्तिका येईल. "अमुक गट नंबरांत, काळ्या जमिनींत, अमुक तारखेस पेरलेल्या तुरीचीं झाडें फुलावर असतां ओळीओळीनें कां वाळलीं?" असें विचारल्यास माणूस यावा लागेल. तो आला म्हणजे त्याला प्रथम शेतांत न्यावें, चहा मागाहून द्यावा.